मार्थामावशींचं राहिलेलं प्रभूभोजन

महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये भाकरीच्या तुकड्यांचं ताट बाकांवरून फिरत आलं, की मार्थामावशी ते हातात घ्यायच्या आणि स्वतः काहीच न उचलता शेजारणीकडे सरकवायच्या. त्यांचे गुडघे गेलेले, म्हणून मी त्यांना रिक्षाने घेऊन जायचे आणि मागच्या बाकावर बसून राहायचे. मी हिंदू, मला त्यातलं काय कळणार! सोबतच्या द्राक्षरसाने यांची शुगर वाढत असेल, अशी मी आपली समजूत करून घेतली होती. एकदा तसं विचारलंही.

"शुगरचं नाही गं," मावशी म्हणाल्या. "मन साफ नसताना प्रभूभोजनाला हात लावू नये."

खांदेश्वरला आमच्या बिनलिफ्टच्या इमारतीत त्या चौथ्या मजल्यावर, माझ्या समोरच्या दारात राहायच्या. मूळच्या नगरच्या, जन्मभर नर्स. भेटल्यावर नमस्काराऐवजी "सलाम" म्हणायच्या, त्यामुळे नव्या बिऱ्हाडांचा हमखास गोंधळ उडायचा. तळमजल्यावरच्या एक भांडकुदळ आजी त्यांना येता-जाता शिव्या घालायच्या, आणि मावशी गुडघे चोळत रोज त्यांनाच इन्सुलिन टोचायला उतरायच्या. कशाला जाता, म्हटलं की उत्तर ठरलेलं. "देवानं जा म्हणून सांगितलंय. आवडतं का, ते नाही विचारलं."

सागरच्या बाबतीत मात्र हे वाक्य त्यांच्या तोंडून निघत नसे. दुसऱ्या मजल्यावरच्या चव्हाणांचा सागर हा मावशींच्या एकुलत्या अमोलचा शाळेपासूनचा दोस्त. पुढे दोघं महापेला एकाच कंपनीत लागले. एका पार्टीहून परतताना सागर पिऊन बाईक चालवत होता. तुर्भ्याला ती उभ्या ट्रकवर आदळली. मागे बसलेला अमोल जागीच गेला. सागर काठी टेकत का होईना, घरी आला. तेव्हापासून जिन्यात त्याची चाहूल लागली, की मावशी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. त्यांचं काही चुकतंय, असं मला तरी कधी वाटलं नाही.

"त्याने यावं ना तुमच्या पाया पडायला," मी एकदा चिडून म्हटलं.

"आला होता. मीच दार नाही उघडलं." मग हळूच म्हणाल्या, "आधी जाऊन समेट कर, मग माझ्यापुढे ये, असं प्रभूनं सांगितलंय. बाकी सगळं केलं गं मी. हे एवढं नाही होत."

पोटाच्या कॅन्सरने त्यांना अंथरुणाला खिळवलं, तेव्हा चर्चचे पाळकसाहेब प्रभूभोजन द्यायला घरी आले. त्यांनी स्टुलावर पांढरं कापड अंथरून भाकरी मांडली. मावशी म्हणाल्या, "थांबा. आधी मला खाली चव्हाणांकडे न्या."

"मावशी, सागरलाच बोलावते ना वर," मी म्हटलं.

"जा म्हणून सांगितलंय. बोलाव म्हणून नाही."

वॉचमनने आणि पाळकसाहेबांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोन मजले उतरवलं. चव्हाणवहिनींनी दार उघडलं आणि तोंडाला ओढणी लावली. सागर आतून लंगडत आला आणि मावशींच्या पुढ्यात खालीच बसला. मावशींनी हात उचलला. तो मध्येच थांबला आणि मग त्याच्या डोक्यावर टेकला. "तुला क्षमा केली रे," त्या म्हणाल्या. सागर हमसून हमसून रडत होता. मावशींच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

वर आल्यावर त्यांनी भाकरीचा तुकडा घेतला. पाळकसाहेबांनी मोठ्या आनंदाने प्रार्थना केली. ते गेल्यावर मी उशी सारखी करत विचारलं, "आता हलकं वाटतंय ना?"

"नाही गं. राग आहे तेवढाच आहे." त्या तळहाताकडे बघत होत्या. "त्याचे केस किती दाट आहेत, एवढंच हाताला लागलं. माझ्या अमोलचेही होते."

मला रडू आवरेना. "मग कशाला गेलात हो मावशी?"

"सांगितलं होतं म्हणून गेले. उद्या परत न्या मला खाली. वॉचमनला सांगून ठेव."

सकाळी वॉचमन खुर्ची घेऊन वर आला. मावशी पहाटेच गेल्या होत्या.