आभारवाले शेषराव

पिंपळगाव राजा या गावात कार्यक्रम कशाचाही असो, शाळेचं गॅदरिंग असो, बोंडअळीवरचं मार्गदर्शन असो नाहीतर कोणाची एकसष्टी, शेवटी आभार मानायचे ते शेषरावांनीच. गावानं हे असं कधी ठरवलं नव्हतं. शेषराव शाळेत लिपिक असताना एका गॅदरिंगला आभाराच्या गुरुजींचा घसा बसला. हेडमास्तरांनी समोर दिसेल तो माणूस माइकपुढे ढकलला आणि तो माणूस तिथं जो चिकटला तो निवृत्त झाला तरी सुटला नाही.

आणि आभार तरी कसे! त्यातून कोणाची सुटका नाही. मंडपवाला, माइकवाला, पाण्याचा टँकर वेळेवर आणणारा, त्या टँकरला वाट मिळावी म्हणून आपली म्हैस बाजूला बांधणारा, सगळ्यांची नावं, तीही वडिलांच्या नावासकट. आवाज खणखणीत. भाषा म्हणाल तर एकदम इस्त्रीची. घरी ‘मले भूक लागली’ म्हणणारा हा माणूस माइकवर ‘आपण आपल्या अमूल्य वेळातून वेळ काढून’ असं सुरू करायचा.

भानगड एकच होती. ऐकायला समोर कोणी नसायचं. शेषरावांनी हात जोडून ‘मित्रहो’ म्हटलं की अख्खा मंडप उठायचा. खुर्च्या खडखडायच्या, माणसं चपला शोधायची, पाहुणे गाडीकडे निघायचे. स्वयंपाकाच्या तानुबाईंनी तर त्यावर आपलं कामच बसवून टाकलं होतं. शेषरावांचा आवाज आला की कढईत पुऱ्या सोडायच्या. गावात कधी कोणाला थंड पुरी मिळाली नाही ती त्यामुळेच, आणि त्याबद्दल शेषरावांचे आभार कोणी मानले नाहीत ते नाहीतच.

बरं, सगळ्यांच्या आधी कोण उठायचं? कोकिळाबाई. शेषरावांची लग्नाची बायको. पहिल्या पंगतीला बसलं की सगळं गरम मिळतं, एवढा सरळ हिशेब होता तिचा. त्यात नवऱ्याचा अपमान वगैरे होतोय हे तिच्या डोक्यातसुद्धा आलं नसेल.

एकदा सकाळी कणीक मळता मळता ती हे बोलूनच गेली. झालं असं की शेषरावांनी चहा पिताना सहज विचारलं, “काल माह्यं भाषण कसं झालं वं?”

“कोणतं भाषण?”

“आभाराचं.”

“अवो, ते काय भाषण असते काय? तुमचा आवाज म्हंजे लोकायले उठाची घंटी.”

आणि पुन्हा कणीक. शेषरावांना ते लागलं. अगदी आतपर्यंत लागलं. चहा गार झाला तरी त्यांनी कप उचलला नाही. इतकी वर्षं घसा कोरडा केला आणि एकाही माणसानं बसून ऐकलं नाही? लोकांचं सोडा, हिनंसुद्धा नाही? त्या दिवशी शेषरावांनी मनाशी पक्कं केलं. एकदा, फक्त एकदा, भरलेल्या सभागृहात आपण बोलायचं, सगळ्यांनी बसून ऐकायचं आणि कोकिळा पहिल्या रांगेत असली पाहिजे.

आता असं कुठं होतं? शेषरावांनी पुष्कळ विचार केला आणि उत्तर सापडलं. नाटकात! नाटकात माणूस तिकीट काढून बसतो. पेपरात घडी घालून आलेलं खामगावच्या ‘रंगपालवी’ अभिनय कार्यशाळेचं पत्रक त्यांनी खिशात घातलं, आणि दुसऱ्या दिवशी एसटी पकडून ते तिथं हजर झाले.

कार्यशाळा चालवायची नीरजा. खामगावचीच मुलगी, पुण्याला नाटक शिकून आलेली. तिच्यापुढे बसलेले सगळे कॉलेजचे पोट्टे आणि पोरी, आणि मध्येच टोपी मांडीवर ठेवून बसलेले शेषराव. पहिल्याच दिवशी तिनं सगळ्यांना वाघ व्हायला सांगितलं. पोट्टे लागले गुरगुरायला. शेषरावही झाले वाघ, पण शेजारच्या वाघाला आधी वाट दिली आणि मग गुरगुरले.

तरी माणूस चिवट. वर्षभर एकही दिवस चुकवला नाही. कार्यशाळेचा वर्धापनदिन आला तेव्हा नीरजानं स्वतः एक नाटुकलं लिहिलं. गावातला तापट म्हातारा, पोरांनी जमीन विकायला काढली म्हणून एकेकाला घराबाहेर हाकलतो आणि शेवटी रिकाम्या घरात एकटा उरतो. म्हाताऱ्याचं काम तिनं शेषरावांना दिलं, का तर असा आवाज अख्ख्या खामगावात नाही.

आवाज होता हो, पण राग कुठून आणायचा? तालमीत शेषराव गरजायचे, “चालते व्हा माझ्या घरातून!” आणि लगेच कमरेत वाकून हात जोडायचे.

नीरजा म्हणाली, “काका, तुम्ही त्यांना हाकलताय की निरोप देताय?”

“हाकलूनच राह्यलो ना.”

“मग हात का जोडले?”

“ते आपोआप जुळतेत.”

शेवटी तिनं त्यांच्या एका हातात काठी दिली आणि दुसरा हात कोटाच्या खिशात ठेवायला लावला. थोरल्या पोराचं काम करणारा दीपक मोबाइलच्या दुकानात कामाला होता. तोही काकुळतीला आला. “काका, एकडाव तरी चिडा ना माह्यावर! मी तुमची अर्धी जमीन विकून राह्यलो.”

“असू दे बाप्पा,” शेषराव म्हणाले, “तुले काही अडचण असंन.”

घरी सराव करावा म्हणून त्यांनी कोकिळाबाईंसमोर उभं राहून ‘चालते व्हा’ म्हणून पाहिलं. तिनं वर न बघता दळणाचा डबा त्यांच्या हातात दिला. शेषराव चालते झाले, गिरणीकडे.

पण तिला यायला लावायचं होतं. चार-पाच दिवस घोळवून त्यांनी विषय काढला. “माह्या नाटकाले येशीन ना?”

“जेवण हाये काय तिथं?”

“हाये. तानुबाईच येऊन राह्यली.”

“मंग येईन.”

“पण संपेपर्यंत बसाचं. उठाचं नाई.”

“बसीन ना बाप्पा! काय लेकरासारखं करता?”

वर्धापनदिनाला संध्याकाळी पिंपळगावहून दोन काळी-पिवळी जीपगाड्या गच्च भरून आल्या. खामगावची मंडळी होतीच. हॉल तुडुंब. अध्यक्ष कापसाच्या जिनिंगचे मालक अर्जुनराव. त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, ते भरपूर बोलले, मग अजून कोणाकोणाचे सत्कार झाले आणि एकदाचा पडदा वर गेला.

रंगमंचावर शेषराव एकटे. धोतर, कोट, टोपी, डोळ्यांवर दिव्याचा झोत. काठी मात्र विंगेतच विसरली होती. समोर सगळा हॉल बसलेला. पहिल्या रांगेत कोकिळाबाई, नवी साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन. आपल्या तोंडाकडे बघत बसलेली एवढी माणसं शेषरावांनी जन्मात पाहिली नव्हती. त्यांचं मन असं भरून आलं की काय करावं ते सुचेना. काठी नव्हती, खिशातला हात कधी बाहेर आला कळलं नाही, आणि दोन्ही हात जुळले. मग खणखणीत आवाजात नाटकातलं पहिलं वाक्य आलं.

“या घरात आज शेवटचं बोलतोय मी!”

आणि पिंपळगाव उठलं.

कोणी ठरवून उठलं नाही हो. पायच उठले. दोन काळी-पिवळीतले सगळे एकदम उभे राहिले. ते पाहून खामगावकरांना वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय, म्हणून तेही उठले. मागच्या रांगेतले दोघंतिघं राष्ट्रगीत समजून सावधानमध्ये उभे राहिले. अर्जुनरावांनी शाल-श्रीफळ खुर्चीत ठेवलं आणि ओळखीच्यांना नमस्कार करायला सुरुवात केली. तिकडे मागच्या अंगणात तानुबाईंच्या कानावर आवाज पडला आणि त्यांनी सोडल्या पुऱ्या. तो वास हॉलमध्ये शिरला आणि मग तर विचारूच नका.

शेषरावांना वाटलं, ऐकू गेलं नसेल. त्यांनी तेच वाक्य आणखी मोठ्यानं म्हटलं. त्यासरशी उरलेले चारदोन जणही उठले.

आणि दारापाशी सगळ्यांच्या पुढे कोण? पर्स काखेत मारून कोकिळाबाई!

विंगेत नीरजानं डोक्याला हात लावला होता. तरी ती कुजबुजत होती, “काका, राग! राग आणा!”

आणायची गरज राहिली नव्हती. आला. वर्षभर तालमीत नाही आला तो आता टाचेपासून निघाला आणि टोपीपर्यंत आला.

“बसाऽऽ! बसा खाली सगळे!”

छताचे पंखे हलले असं लोक सांगतात. ते सोडा, पण हॉल जागच्या जागी थिजला एवढं खरं.

“काऊन उठले बे? कोणी सांगतलं तुमाले उठाले? मी तोंड उघडलं का उठतेत! तुमचे टँकर, तुमच्या म्हशी, तुमच्या बापायचे नावं पाठ करू करू माह्या डोक्याचं खोबरं झालं. एकानं तरी बसून ऐकलं काय? पुरी काय पळून चालली काय? अर्जुनराव, तुमाले वेगळं सांगू काय? बसा!”

धाडकन हॉल बसला. ज्यांना खुर्ची सापडली ते खुर्चीत, बाकीचे होते तिथं फरशीवर. अर्जुनराव घाईत आपल्याच श्रीफळावर बसले आणि उठायची हिंमत नाही म्हणून तसेच बसून राहिले. कोकिळाबाई दारातच टेकल्या.

तेवढ्यात ठरल्याप्रमाणे दीपक विंगेतून आत आला. लटपटत त्यानं आपलं वाक्य म्हटलं, “बाबा, मी निघालो.”

“कुठी निघाला बे? बस!”

दीपक मटकन बसला. मागून सूनबाई झालेली करिष्मा सूटकेस घेऊन आली. तिनं तोंड उघडायच्या आधीच शेषरावांनी बोट दाखवलं. “ठेव ते खाली. बस.” तीही बसली. ज्या घरातून सगळ्यांना हाकलायचं होतं ते घर असं एका ओळीत मांडी घालून बसलं. ‘चालते व्हा’ हे वाक्य म्हणायची वेळ आली खरी, पण आता कोणत्या तोंडानं म्हणणार? शेषराव गरजले, “एकही जण हलाचा नाई इथून!”

नीरजानं घाबरून पडदा पाडला. आणि टाळ्या पडल्या! थांबेचनात. पिंपळगावातला एकजण शेजाऱ्याला म्हणाला, “लय नवीन पद्धतीचं नाटक होतं भाऊ. आपल्यालेच रागावला, आपल्यालेच नाटकात घेतलं.”

उरलं आभारप्रदर्शन. दुसऱ्या कोणाला सांगून ठेवायचं नीरजाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. तिनं माइक शेषरावांच्या हातात दिला. ते पडद्यापुढे आले, हात जोडले, “मित्रहो” म्हणाले आणि सवयीनं खुर्च्यांचा खडखडाट व्हायची वाट पाहत थांबले.

एकही खुर्ची वाजली नाही.

आधी लोक भीतीनं बसले होते, खोटं कशाला बोला. पण मग नावं सुरू झाली. लाइट लावणारा, पडदा ओढणारी, खुर्च्या मांडणारे. काळी-पिवळीच्या ड्रायव्हरनं आपलं आणि आपल्या वडिलांचं नाव माइकवरून ऐकलं आणि तो उडालाच. “माह्यं नाव घेतलं बे!” मग जो तो कान टवकारून आपलं नाव येतं का ते पाहायला लागला. तानुबाई झारा हातात घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. तिकडे पुऱ्या कडक होऊन गेल्या, तरी त्या हलल्या नाहीत.

नावं संपली. लोक बसलेलेच. शेषरावांची पंचाईत झाली. इथपर्यंत समोर माणसं घेऊन ते कधी आलेच नव्हते. त्यांनी कपाळाचा घाम पुसला, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि मग दारातल्या कोकिळाबाईंकडे पाहिलं.

“आणि शेवटी,” ते म्हणाले, “नांदुऱ्याच्या गोविंदरावांच्या कन्या, सौभाग्यवती कोकिळाबाई. यांनी आपल्या अमूल्य वेळातून…” आणि आवाज अडकला. खणखणीत आवाज असा मध्येच अडकलेला गावानं पहिल्यांदा ऐकला.

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. कोकिळाबाई लाल झाल्या. चटकन उठल्या, पदर सावरला, “पुरे झालं आता! लोकायचे पोटं खपाटीले गेले. चला जेवाले!”

कोणी उठेना. भरल्या हॉलात त्या एकट्याच उभ्या.

शेषराव माइकवरची सगळी शुद्ध भाषा विसरले.

“बस ना वं,” ते म्हणाले, “माह्यं व्हाचं हाये अजून.”

कोकिळाबाईंनी एकदा पुऱ्यांच्या वासाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. मग पदर कानामागे सारला आणि खाली बसल्या.