ब्याडक्काचं कोरं मशीन

भाजीवाल्यानं पिशवीत फुकटची कोथिंबीर टाकली तर ती उचलून परत त्याच्या टोपलीत ठेवणारी बाई अख्ख्या सोलापुरात मी एकच बघितली. ती माझी बायको होती. माहेर मैंदर्गीचं, तिकडं घरात मराठीएवढंच कानडी. 'नको'ला ती 'ब्याड' म्हणायची. भाजीवाल्याला ब्याड, दारावर हप्त्यानं साड्या विकायला येणाऱ्याला ब्याड, शेजारणीनं आग्रह करून वाढलेल्या दुसऱ्या भाकरीला ब्याड. गल्लीनं तिचं नावच ब्याडक्का पाडलं. ती गेल्यापासून खरं नाव तोंडात आलं की मला पुढं बोलता येत नाही, म्हणून मी पण इथं ब्याडक्काच लिहितो.

लोकांना ती कंजूष वाटायची, काहींना गर्विष्ठ. तसं काही नव्हतं. न विचारता गळ्यात घातलेलं तिला खपायचं नाही, एवढंच. लग्न होऊन आली तेव्हा माझ्या आईनं आमच्या खोलीत कॉटखाली माझ्या बहिणीची पेटी सरकवून ठेवली होती. हिनं दुसऱ्याच दिवशी ती ओढत बाहेर आणली. "आत्याबाई, ही खोली माजी म्हणालासा न्हवं? मग हितं काय ठिवायचं ते मी बगते की." आई कितीतरी दिवस तिच्याशी धड बोलली नाही. पण पुढं आई अंथरुणाला खिळली तेव्हा अंगाला हात लावायचा तर फक्त हिनं. आई म्हणायची, "तुम्ही सगळे मला पोत्यासारखं उलटंपालटं करता. ती आधी विचारते."

मी चौथी शिकलेला, यंत्रमागावर काम करणारा. ब्याडक्का सातवी. मी होतो त्याच कारखान्यात तिला ग्राफवर नक्षी भरायचं काम मिळालं. चादरीवर मोर, फुलं, कमळं दिसतात ना, ती आधी कागदावर बारीक चौकोनात रंगवायला लागतात. एक चौकोन म्हणजे एक धागा. चौकोन चुकला की मोराचा पाय मोडला. पुढं ग्राफ गेले आणि कॉम्प्युटर आला. तिच्याबरोबरच्या बाया घरी बसल्या. ही चाळिशी उलटलेली बाई मालकाच्या ऑफिसात उभी राहून बघून बघून शिकली. मालकानं बसायला खुर्ची दिली नव्हती. शिकल्यावर दिली.

गुडघे दुखायला लागले तेव्हा तिनं ठरवलं, घरीच मशीन घ्यायचं आणि घरातूनच नक्षी करून द्यायची. लॅपटॉप आम्ही रियाजभाईकडून घेतला. त्याचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी. आमचा पोरगा पुण्यात नोकरीला आहे, तो सुट्टीला आला होता. त्यानं तो चालू करून दिला आणि गाडी पकडायला गेला. मग ब्याडक्का चष्मा लावून बसली. आणि जे काही दिसलं ते बघून मला हाक मारली.

"अवो, हितं या जरा. ही माणसं कोण?"

पडद्यावर गर्दी होती. पत्त्यांचा खेळ, कँडीचा खेळ, हवामान सांगणारा, बातम्या देणारा. एक कोपऱ्यातून सारखा डोकं वर काढायचा की तुमचं मशीन धोक्यात आहे, पैसे भरा. आम्ही यातलं काहीच मागितलं नव्हतं. ती मशीन उचलून तशीच रियाजभाईकडं गेली, मी मागं.

"भाई, तू ह्यात काय काय भरलास?"

"अक्का, मैं कुछ नै डाला. कंपनीतूनच भरून येतंय. सगळ्यांचं असंच हाय."

"मी घर इकत घेतलं. भाड्यानं न्हाय. मग आत आदीच बिऱ्हाडं कशी?"

"रहने दो की अक्का. तुमाला काय त्रास देतेत ती?"

"इचारलं का मला कुणी?"

रियाजभाई माझ्याकडं बघून हसला. मी पण हसलो. माझी तिथं काय मदत होणार होती.

त्यानं तिला काढायची जागा दाखवली. घरी येऊन ती एकेकाला काढत बसली, जशी तांदळातले खडे वेचते तशी. प्रत्येक जण जाताना विचारायचा, खरंच काढायचं का? ती मोठ्यानं उत्तर द्यायची, "व्हय, काढायचंच." काही म्हणायचे, आम्हाला जाण्याचं कारण सांगा. "तुज्या येण्याचं कारण सांग आदी," असं ती मशीनला म्हणायची. शेजारची येऊन विचारून गेली, अक्का कुणाशी भांडताय?

त्या सपाट्यात तिनं भलतंच काहीतरी काढलं. नाव इंग्रजी, बघायला इतरांसारखंच उपरं. ते गेलं आणि मशीनचा आवाज बंद. रियाजभाईनं डोक्याला हात लावला. "अक्का, ये तो घरका था." परत बसवू म्हणाला. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "राऊ दे. नक्षीला आवाज कशाला?" मी म्हणालो, अगं पण पोराशी व्हिडीओवर बोलायचं असतं. तर म्हणे फोन हाय की. चूक कबूल करायची तिची हीच पद्धत.

नंतर दोन-तीन वर्षं ते मशीन बरं चाललं. मग तिला आजार निघाला. कुठला ते लिहीत नाही. डॉक्टरनं मला बाहेर बोलावून सांगायला सुरुवात केली, तर ती आतून म्हणाली, "माजं मला सांगा." त्यानं सांगितलं. घरी आल्यावर ती म्हणाली, "आता दुसऱ्याचं काम बंद. मला एक चादर काडायचीय."

जन्मभर मालक सांगेल ते तिनं काढलं. मोर सांगितला मोर, ताजमहाल सांगितला ताजमहाल. आता तिला मैंदर्गीचं ज्वारीचं रान काढायचं होतं. कणसं भरलेली, वारं एका बाजूनं आलेलं, आणि सगळं रान एकाच अंगाला वाकलेलं. वाकलेली ताटं, म्हणजे ज्वारीचे दांडे, काढणं फार अवघड, चौकोनात तिरकं काही धड बसत नाही. औषधानं हात कापायचा. बरं वाटेल तेवढा वेळ बसायची, मग पडायची. हे पुरं होईल की नाही, एवढीच घरात काळजी.

आणि एक दिवस सकाळी मशीन उघडलं तर नक्ष्यांची सगळी पेटी रिकामी.

झालं असं होतं. आत एक जण लपून राहिला होता, जो आपल्या फायली न विचारता उचलून वर, कंपनीच्या नेटवरच्या गोदामात नेऊन ठेवायचा. पडद्यावर दिसायच्या, पण असायच्या वर. गोदाम भरलं म्हणून तो पैसे मागायला लागला. ब्याडक्कानं आदल्या दिवशी त्याला हुसकलं. तो गेला, आणि त्याच्याबरोबर फायली दिसायच्या बंद झाल्या. रियाजभाई मशीनपुढं बसून म्हणाला, वर असतील, पण कुलूप आहे, किल्ली कुणाकडं? किल्ली पोराकडं. सुरुवातीला त्यानंच चालू करून दिलं होतं. त्याला फोन लावला.

"आई, मला काय माहीत? ते विचारत होतं, मी पुढं पुढं दाबत गेलो. गाडीची वेळ झाली होती."

"मग माज्या घराला हो म्हणणारा तू कोण?"

बिचाऱ्या पोरानं दिवसभर खटपट करून फायली उतरवून पाठवल्या. सगळं आलं. फक्त ज्वारीचं रान आलं ते जुनं, अर्धंच. गोदाम भरल्यावर तिनं केलेली वाकलेली ताटं वर चढलीच नव्हती, ती आता कुठंच नव्हती.

मला वाटलं आता ही संपली. मी रागानं कंपनीला, पोराला, रियाजभाईला, सगळ्यांना शिव्या घातल्या. ती ऐकत पडून राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "झालं का? भाईला सांगा, ह्ये मशीन धुऊन द्या. आत नक्षीचं तेवढं ठिवा. दुसरं काय पण ब्याड."

रियाजभाईनं सगळं पुसून मशीन कोरं करून आणून दिलं. पैसे घेईना. ती म्हणाली, घे, फुकटचं मला चालत नाही. त्यानं घेतले.

मशीनला नेट लावायचं नाही असा घरात हुकूम झाला. फायली पेनड्राइव्हमध्ये आणि पेनड्राइव्ह पदराला गाठ मारून. नेट नसलं तरी मशीन मधूनच विचारायचं, नवीन काही घ्यायचंय, आत्ता घेता की नंतर? "बगा की," ती मला दाखवायची, "नको म्हणायला जागाच ठिवली न्हाय. आत्ता न्हायतर नंतर. ह्येला काय इचारणं म्हनत्यात व्हय?" मला हसू यायचं, पण तिला यायचं नाही.

तिनं रान पुन्हा काढलं. पहिल्यापेक्षा हळू. मी जवळ बसायचो, पाणी द्यायचो, उशी सारायचो. उशी सारायच्या आधी विचारायचो. शेवटी शेवटी पोरगा म्हणत होता, आईला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेऊ, नळ्या लावतील, थोडे दिवस वाढतील. तिनं त्याचं सगळं ऐकून घेतलं, त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि नाही म्हणाली. पोरगा माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणालो, तिनं सांगितलंय. ज्वारीची शेवटची ओळ झाली, त्यानंतर ती फार राहिली नाही.

चादर मी विणून घेतली. नरसय्या माझा जुना सोबती, त्याच्या शेडमध्ये अजून माग चालतात. सोलापुरी चादरीला कोपऱ्यात कारखान्याचं नाव विणायची रीत आहे. नरसय्यानं मागावर चढवायच्या आधी नक्षी नीट बघितली आणि म्हणाला, "अण्णा, कोपरा मोकळा हाय. काय टाकू? वहिनीचं नाव टाकतो की. शोभंल."

माझ्या मनात लई होतं. तिनं जन्मभर काढलेल्या प्रत्येक चादरीवर दुसऱ्याचंच नाव होतं. पण कोपऱ्यात काय घालायचं ते तिनं सांगितलं नव्हतं, आणि आता विचारायला ती नव्हती. मी म्हणालो, काही टाकू नको.

चादर जोडप्याच्या मापाची आहे, डबल. तिनं माप तसंच धरलं होतं. पोरगा म्हणतो, बाबा, घडी घालून पांघरा, ऊब येईल. मी ती पूर्ण उघडतो, कॉटभर पसरतो आणि माझ्या बाजूला झोपतो.