कोरड्या वाळूची कमान

ऑफिसात कुणी भुताखेतांचं काढलं की चहाचा कप घेऊन उठून जाणारी बाई मी. पेशाने जिओटेक्निकल इंजिनिअर. माती आणि वाळू कशी वागते, हे सांगण्याचाच पगार घेते. त्यामुळे हे लिहिताना मलाच विचित्र वाटतंय... पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मी मूळची पुण्याची, नऊ वर्षं बेंगळुरूत. महादेवपुऱ्यातल्या एका छोट्या काँक्रीट प्लांटवर क्वालिटीचं काम बघते. तिथे वाळूच्या बिनवर खंडोजीअण्णा असायचे. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच, मराठी कन्नडमध्ये मुरलेली. वयाने वीसेक वर्षांनी मोठे, तरी मला अक्का म्हणायचे.

बिन म्हणजे मजलाभर उंच लोखंडी नरसाळं. वरून वाळू ओतायची, खालचं गेट उघडलं की पडते. कधीकधी पडत नाही. कण एकमेकांत अडकतात, वरचा भार बाजूच्या पत्र्यांवर जातो आणि मधे कमान धरते. वर वाळू, खाली पोकळी. दमट वाळूत हे नेहमीचंच.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी तसंच झालं. खाली आदल्या दिवशीची ओली वाळू अडली होती, वर नुकतीच ओतलेली, उन्हाने तापलेली कोरडी. अण्णा सळई घेऊन वर चढले. मी खालून ओरडले, "अण्णा, सेफ्टी बेल्ट!"

"सरी, बरं अक्का, स्वल्प टोचतो नि उतरतो!"

कमान फुटली. अण्णा सळईसकट आत गेले आणि वरची वाळू त्यांच्यावर मिटली. ओरडायलाही वेळ मिळाला नाही त्यांना.

मशीन बंद केलं. बाजूला तपासणीचा पत्रा असतो, त्याचे गंजलेले बोल्ट खोलायला वीस मिनिटं लागली. आपण आता प्रेत बाहेर काढणार, हे मला माहीत होतं.

पत्रा निघाला, मी टॉर्च मारला... अण्णा माझ्याकडे बघत होते!

कमरेपर्यंत वाळूत, वर मोकळे. डोक्यावर हातभर अंतरावर छत होतं. वाळूचं. दीड मीटर रुंद, वाटी पालथी घातल्यासारखं गोल. मी बोट लावलं — कोरडी ठणठणीत. ही वाळू मुठीतसुद्धा राहत नाही. आणि इथे डोक्यावर काही टन तोलून धरलेले, एक कण गळत नव्हता.

आम्ही हातांनी उकरून त्यांना बाहेर ओढलं आणि हॉस्पिटलला पाठवलं. छत तसंच.

मग बिन रिकामं करायचं ठरलं. व्हायब्रेटर लावला. घण मारले. जेसीबीच्या बकेटने पत्र्याला धडका दिल्या, सगळा सांगाडा हलला. वाळू ढिम्म. आमचा मॅनेजर माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, ये क्या है?" मी टॉर्च घेऊन पुन्हा भोकात वाकले.

चारच्या सुमारास अण्णा परत आले. खांदा बांधलेला. बायको रागावून मागे मागे. "घरी जा ना अण्णा!" मी म्हटलं.

"थांब अक्का. माझं एक काम राहिलंय."

ते उघड्या भोकासमोर गेले, पत्र्यावर तळवा ठेवला आणि अगदी हळू, अर्धं मराठीत अर्धं कन्नडमध्ये म्हणाले, "पुरे झालं बा. साकू, पुरे. सोड आता."

आणि वाळू पडली. सगळी, एकदम. भोकातून वाळूचा लोंढा आमच्या पायांवर आला. सगळीकडे धूळ. जेसीबीवाला तर सीटवरून उतरून पळाला.

मी सॅम्पल घेतलं. लॅबमध्ये ओलावा जवळजवळ शून्य. त्या वाळूची कमान करून बघितली, पुन्हा पुन्हा — वीतभर रुंदीचीसुद्धा धरली नाही. कॉलेजातल्या माझ्या सरांना फोटो पाठवले. ते म्हणाले, तुझी मोजमापं चुकली असतील. चुकलेली नाहीत.

अण्णांनी ते काम सोडलं. जायच्या दिवशी मी विचारलं, "तुम्ही 'सोड' कुणाला म्हणालात?"

त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "नाव ठाऊक नाही अक्का. पण आत असताना वरून धापा ऐकू येत होत्या. दमलं होतं ते."