तलावाच्या पाळीवरचा धूर

मी आज जो काही आहे तो सोमामामांमुळे. वडील गेल्यावर मूल शहराजवळच्या आमच्या गावी तलावात मासे धरून त्यांनी मला शिकवलं. "डोंगा मी वल्हवतो, तू शाळा पाह्य," एवढंच म्हणायचे.

मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो. उलगडा न होणारे अनुभव कोणी सांगू लागलं की मीच आधी उलटतपासणी घ्यायचो. आज माझी पाळी आहे...

थंडीत डोंगा पाण्यात घालण्याआधी मामा तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मूठभर तणस — भाताचा पेंढा — जाळायचे. धूर सरळ वर गेला तर निघायचं. जमिनीलगत पसरला तर म्हणायचे, "बस बाबू, धुकं येऊन राह्यलं."

"मामा, रेडिओवर हवामान सांगतात ना."

"रेडिओवाला मुंबईत बसते. त्याले आपला तलाव कुठी दिसते?"

धूर का पसरतो, हे मला पुढे पुस्तकात सापडलं. पण त्या सकाळी धूर आला कुठून, हे कुठल्याच पुस्तकात नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी अहेरीकडच्या जंगलातल्या एका लष्करी धावपट्टीवर हवामान निरीक्षक होतो. पट्टी वाटीच्या तळाशी असावी तशी — तिन्ही बाजूंनी टेकड्या, चौथीकडे एक जुना तलाव. डिसेंबरची सकाळ होती. मेंदूत मलेरिया चढलेल्या एका जवानाला न्यायला हेलिकॉप्टर निघालं होतं. मी नोंदी घेतल्या : वारा नाही, आकाश स्वच्छ, टेकड्या स्पष्ट. 'ठीक' असं कळवणार, तेवढ्यात तणस जळल्याचा वास आला.

तलावाच्या पाळीवर धूर होता. शेजारी डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला एक माणूस, एक गुडघा वर करून बसलेला. मामा बसतात तसाच. धूर वर जात नव्हता. जमिनीला चिकटून पट्टीकडे सरकत होता.

मी कॅप्टनसाहेबांना म्हणालो, "सर, इथे नको. वर टेकाडावर शाळेचं मैदान आहे, तिथे उतरवा."

"मशीन क्या बोल रही है?"

"मशीन ठीक बोल रही है, सर."

स्ट्रेचरवरच्या पोराचे दात वाजत होते. त्याला टेकाडावर न्यायचं म्हणजे दहा मिनिटं वाया, आणि मी चुकलो असतो तर ती त्याची दहा मिनिटं होती. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाले, "चलो, ऊपर."

हेलिकॉप्टर टेकाडावर उतरलं तेव्हा खालची पट्टी दिसत नव्हती. धुक्याने वाटी काठोकाठ भरली होती.

ऊन आल्यावर मी पाळीवर गेलो. राख नव्हती. गवतावरचं दवही मोडलेलं नव्हतं.

मामा तेव्हा वडशाला दवाखान्यात होते, पाय प्लास्टरमध्ये. रविवारी भेटायला गेलो तर त्यांची मुलगी सुशीला हसत सांगू लागली, "बुधवारी सकाळी नर्सबाई बाबावर लय कावल्या. म्हणे, वार्डात बिडी काऊन वढली? बाबानं तर बिडी कवाच सोडली. पण हाताले धुराचा वास येऊन राह्यला होता, तणसाच्या."

बुधवार. तीच सकाळ. मी मामांना सगळं सांगितलं.

"मले नाई माहीत बाबू. मी तं झोपलो होतो." मग म्हणाले, "तू थांबला ना पण?"

"थांबलो."

"मंग झालं."

खूप विचार केला, अजूनही करतो. परत आल्यावर मी पाठवलेलं पत्र तेवढं इथे देतो —

तीर्थरूप सोमामामांस, साष्टांग नमस्कार.

सुशीला हे वाचून दाखवेल. तो जवान बरा झाला. काल स्वतःच्या हाताने जेवला, असा निरोप आला. त्या दिवशी पाळीवर कोण होतं, हे मी तुम्हाला पुन्हा विचारणार नाही. डॉक्टर सांगतील तोवर पाय टेकू नका आणि नर्सबाईंशी भांडू नका. प्लास्टर निघालं की मी न्यायला येतो. इथला तलावही चांगला आहे, मरळ मिळते. एक पेंढी तणस मी खोलीत कोरडं ठेवलं आहे. पेटवायचं मात्र तुम्हीच.

तुमचा,
बाबू