न छापलेली बातमी

आमच्या वाडीत सुकेळी वाळत पडली की दुपारी पेपर वाचायचा मान माझा. सोललेली केळी मांडवावर उन्हात परतणाऱ्या बायकांचे हात चिकट. पेपर धरणार कोण? शिवाय सातवी झालेली मी एकटीच, आणि तोरा तर असा की विचारू नका. त्या दुपारी आठवल्या की अजून तो गोडसर वास येतो आणि जीव हरखतो. मुंबईचा पेपर आमच्याकडे एक दिवस शिळा यायचा, पण आम्हाला तो ताजाच वाटायचा.

पाचूबंदरहून एक कोळीण रोज मासळी घेऊन यायची. मी तिला मावशी म्हणायचे. माझ्यासाठी टोपलीच्या तळाशी चार बोंबील राखून ठेवणारी ती. दारूबंदीचे दिवस होते. एका दुपारी पेपरात बातमी होती: होडीतून चोरटी दारू आणल्याच्या संशयावरून एकाला अटक. पुढे नाव, बापाचं नाव, गाव. मावशीचा नवरा! मी ते नाव ठसक्यात दोनदा वाचलं. ‘संशयावरून’ हा शब्द मात्र जिभेला जड, म्हणून चक्क गिळला.

झालं. दुसऱ्या दिवसापासून बायकांनी तिची टोपली उतरवून घेणं सोडलं. “दारूवाल्याची मासळी नको बाई,” असं माझी काकू तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. घरात तीन लेकरं, नवरा कोठडीत आणि चूल त्या टोपलीवर. भरली टोपली घेऊन मावशी परत जायची. मला लाज वाटायला हवी होती. तेव्हा वाटली नाही. छापून आलंय म्हणजे खरंच, अशी माझीही ठाम समजूत होती.

दोनेक महिन्यांनी कोर्टाने त्याला सोडलं. होडी दुसऱ्याचीच निघाली. पण पेपराला त्याचं काय? पकडला तेव्हा सात पिढ्यांसकट नाव, सुटला तेव्हा अळीमिळी गुपचिळी. याचा राग मला आजही येतो.

एका दुपारी मावशी टोपलीशिवाय आली. कमरेला खोचलेली पेपराची घडी काढून तिने माझ्यापुढे धरली.

“वाच, पोरी. माझा मानूस सुटला, ते वाच. मोठ्यानं.”

मी सगळी पानं चाळली. कुठेच काही नाही. बायका हात थांबवून बघत होत्या. मावशीची नजर माझ्या तोंडावर. शेवटी केसांच्या तेलाच्या जाहिरातीवर बोट ठेवून मी वाचलं: नाव, बापाचं नाव, गाव, आणि ‘निर्दोष ठरल्यामुळे सुटका’. या वेळी एकही शब्द गिळला नाही.

काकूने हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, “उद्या बोंबील आण गं.”

मावशीने पेपर मागून घेतला, पुन्हा कमरेला खोचला आणि गेली. मी तिला फसवलं, हे मात्र माझ्या मनाला कित्येक वर्षं टोचत राहिलं. माझ्या हळदीला ती आली तेव्हा मी तिच्या कानाशी लागून सगळं कबूल केलं.

मावशी हसली. “म्हाईत हाय मला. येताना मास्तरांकडून वाचून घेतलेला. त्यात काय बी नव्हतं, म्हनून तर तुझ्याकडं आनला. नाव तुझ्या तोंडून गेलं होतं, तुझ्याच तोंडून परत यायला पायजे होतं.”