कडककाकूंचं अर्पण

बोळाच्या तोंडाशी असलेल्या लाँड्रीच्या मालकीणबाईंना सगळे कडककाकू म्हणत. त्यांची इस्त्री कडक होती म्हणून की जीभ, यावर गिऱ्हाइकांत एकमत नव्हतं. काकूंना दोन्ही कारणं मान्य होती.

चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या मेजावरची कापडं त्यांच्याकडे धुवायला येत. त्या द्राक्षरसाचे डाग काढत, बेताची खळ देत, कापड ओलसर असतानाच उलट्या बाजूने इस्त्री फिरवत. या कामाचा पैसा त्यांनी कधी घेतला नाही. "देवाचं काम आहे," एवढंच म्हणत. रविवारी मंडळी डोळे मिटून प्रार्थना करत तेव्हा काकूंचा एक डोळा मेजाकडे असे. कापडाची दोन्ही टोकं सारखी लोंबताहेत ना? उपासना संपली की कुणीतरी म्हणायचंच, "काकू, काय हात आहे तुमचा!" त्या एका वाक्यावर त्यांचा आठवडा निघे.

लाँड्रीच्या वर दोन खोल्या होत्या. मागच्या खोलीत सासूबाई पडून असत. पक्षाघाताने त्यांचं उजवं अंग गेलं होतं. काकू त्यांना वेळेवर जेवण देत, गोळ्या देत. जगाला नाव ठेवायला जागा नव्हती. चादर मात्र वास जिन्यापर्यंत आला की बदलली जाई, नाहीतर ट्रकवर असलेला नवरा घरी यायच्या दिवशी.

याचं मूळ जुनं होतं. काकू नव्या नवरी होत्या तेव्हा लाँड्री सासूबाई चालवत. एकदा त्यांनी सुनेने धुतलेली चादर गिऱ्हाइकांसमोर दारातल्या चिखलात टाकली. "याला धुणं म्हणतात? आईनं हेच शिकवलं का?" काकूंनी ती मुकाट्याने परत धुतली. पुढे त्या अशा धुवायला लागल्या की कुणाची बोट दाखवायची हिंमत होऊ नये. सासूबाई मात्र मनातून उतरल्या त्या उतरल्याच.

चर्चमध्ये नवे पाळक आले. एका दुपारी ते न कळवता दुकानात उभे राहिले. हातात प्रभुभोजनाच्या भाकर-द्राक्षरसाची लहान पेटी होती.

"आईंना प्रभुभोजन द्यावं म्हटलं."

"आज नको, पाळकसाहेब. झोपल्यात त्या."

तेवढ्यात वरून आवाज आला, "कोण आलंय गं?"

आता इलाज नव्हता. काकूंनी शेल्फवरचं चर्चचं एक लहान कापड उचललं आणि पाळकांच्या मागोमाग जिना चढल्या. वर जाताच त्यांनी आधी खिडकी उघडली. पाळकांनी स्टूल ओढलं, त्यावर कापड अंथरलं, भाकर काढली. सासूबाईंनी डावा हात पुढे केला. तो भाकरीकडे गेलाच नाही. त्यांनी कापड चाचपलं.

"किती मऊ आहे," त्या म्हणाल्या. "पाळकसाहेब, हे माझ्याखाली घाला ना. प्रभू एक दिवस चालवून घेईल. मी सकाळपासून ओल्यात आहे."

पाळकांनी भाकर पेटीत परत ठेवली आणि बाह्या दुमडल्या. "आधी चादर बदलू. धुतलेली कुठे आहे, काकू?"

खाली दुकानात लोकांच्या चादरींच्या घड्या छतापर्यंत रचलेल्या होत्या. काकू त्यातलीच एक घेऊन आल्या. दोघांनी मिळून सासूबाईंना कुशीवर वळवलं, तेव्हा कमरेखालची जखम दिसली. पाळकांनी सासूबाईंना प्रभुभोजन दिलं. नंतर त्यांनी काकूंपुढेही भाकर धरली, तर त्या "मला नको" म्हणून खाली निघून गेल्या.

शरम आली होती, पण राग त्याहून मोठा होता. जन्मभर फुकट राबायचं आणि वर पाणउतारा! त्यांनी चर्चच्या सगळ्या कापडांचं गाठोडं बांधलं आणि पाळक खाली येताच पुढे सरकवलं. "दुसरं कुणी बघा."

"बघतो," ते म्हणाले. त्यांनी मनधरणी केली नाही. काकूंना तेच जास्त लागलं.

त्या चर्चला जायच्या बंद झाल्या. चादर मात्र रोज बदलू लागल्या, पाळकांच्या तोंडावर मारल्यासारखी. जखम धुताना हात हलका होता, पण ओठ घट्ट मिटलेले. एकदा सासूबाई पुटपुटल्या, "पाणी गार आहे." काकूंचा तोल सुटला.

"माझी चादर चिखलात टाकलीत तेव्हा मी बोलले होते का काही?"

"कुठली चादर?"

काकू बघत राहिल्या. सासूबाई नाटक करत नव्हत्या. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

संध्याकाळी दुकान अर्धं उघडं टाकून काकू पाळकांच्या घरी गेल्या. दारातूनच म्हणाल्या, "त्यांच्या लक्षातसुद्धा नाही हो. मग मी इतकी वर्षं कुणाला दाखवायला धूत होते? देवाला तर नाही."

"मीही प्रवचन लिहिताना आधी लोक काय म्हणतील तेच बघतो," पाळक म्हणाले. "प्रार्थना करू या?"

"येत नाही आता. तोंडात शब्द येतात, आत काही नसतं. आईंचं करते, त्यातसुद्धा माया नाही. नुसते हात करतात."

"मग तेवढंच देवाला सांगा. माया आहे असं म्हणू नका."

काकू घरी परतल्या आणि पाणी तापवायला ठेवलं.

जखम भरत आली होती, तरी सासूबाई फार दिवस राहिल्या नाहीत. काकू खाली एका गिऱ्हाइकाचा कोट देत असताना त्या गेल्या. त्यांनी कधी सुनेचं कौतुक केलं नव्हतं, शेवटीही नाही. दफनानंतर नातेवाईक जमले. नणंद गळ्यात पडून म्हणाली, "वहिनी, आईची काय सेवा केलीस गं!"

"शेवटी शेवटी केली," काकू म्हणाल्या. "त्याआधी मी त्यांना ओल्यात ठेवत होते."

नणंदेचे हात गळून पडले. नवरा उठून बाहेर गेला. त्या रात्री नवराबायकोपैकी कुणी जेवलं नाही, आणि पुढे कितीतरी दिवस नणंदेचा फोन आला नाही.

पुढच्या रविवारी काकू चर्चला गेल्या. शेवटच्या बाकावर बसल्या. पाप कबूल करायची प्रार्थना सुरू झाली. लहानपणापासून पाठ होती ती, एका दमात म्हणायच्या. आज "मी पाप केलं आहे" या पहिल्याच ओळीला अडकल्या. मंडळी पुढे गेली. शेजारच्या बाईला वाटलं, जागा सापडत नसेल. तिने पुस्तक पुढे करून ओळीवर बोट ठेवलं. काकूंनी नकारार्थी मान हलवली, आणि आवाज न करता पहिली ओळच परत म्हणून पाहिली.