एमेट वोंद्राची शिट्टी

एमेट वोंद्राला आपल्या शिट्टीचा भारी तोरा. आठवडाभर गावात पाण्याचे मीटर वाचत हिंडायचा, तेव्हा त्याला कुत्रंसुद्धा विचारत नसे. पण शुक्रवारी शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या, म्हणजे चेंडू काखेत मारून पळायच्या खेळाच्या सामन्याला अंगात काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा सदरा नि डोक्यावर मुख्य पंचाची पांढरी टोपी चढली, की स्वारीचे पाय जमिनीला लागायचे नाहीत. आरशापुढे उभा राहून हातांचे इशारे घोटायचा.

"पाखरं हाकतोस काय रे?" बायको लव्हॉन विचारायची.

"सत्तावीस वर्षांत एक शिट्टी चुकली नाही माझी."

"हो ना. म्हणून तर अख्खं गाव तुला आंधळा म्हणतं."

यंदा गोष्ट निराळी होती. शाळांच्या राज्य अंतिम सामन्याला पंच निवडायचे होते, नि त्यासाठी राज्याच्या क्रीडा मंडळाचा माणूस वही घेऊन बाकांवर बसला होता. तो सामना एकदा आपल्या शिट्टीवर व्हावा, एवढंच एमेटला जन्मात हवं होतं.

त्या बाकांवरच्या गावाबद्दल काय बोलावं! रविवारी चर्चमध्ये शेजाऱ्यावर प्रेम करा म्हणून गाणारी तोंडं शुक्रवारी गटारासारखी वाहायची. पुढे असायचा खतवाला मर्लिन. बुटाची नाडी बांधायला वाकवत नाही, पण उंटावरून शेळ्या हाकायला पहिला.

त्या शुक्रवारी सामना संपायला दोन मिनिटं, गाव चार गुणांनी मागे. गावच्या पोरांनी हूल दिली. चेंडू धिप्पाड गड्याच्या पोटाशी नेल्यासारखा केला, नि गुपचूप काटकुळ्याच्या काखेत सारला. समोरचे सगळे धिप्पाडावर तुटून पडले. एमेटही फसला. माणसांचा ढीग दिसला नि त्यानं शिट्टी फुंकली. काटकुळा तिकडे मोकळ्या रानात एकटाच पळत होता. पण शिट्टी वाजली की खेळ मेला, मग तो ब्रह्मदेवालाही उठवता येत नाही.

जोडीचा पंच ड्वेन कानाशी आला. "पळणाऱ्याचा गुडघा जमिनीला टेकला, डाव तिथंच संपला, म्हणून शिट्टी दिली म्हण. एवढ्या चिखलात वहीवाल्याला काय दिसतंय?"

एमेटनं वहीवाल्याकडे एकदा पाहिलं. मग गावच्या प्रशिक्षकापुढे जाऊन उभा राहिला. "गुडघा नाही टेकला. शिट्टी माझी चुकली. हा डाव परत खेळा."

परत खेळताना चेंडू गावच्या पोराच्या हातातून निसटला नि गाव हरलं.

"मीटरही असेच वाचतोस होय रे?" मर्लिन ओरडला. "तरीच माझं बिल फुगतंय!"

सगळी बाकं खदाखदा हसली. वहीवाला मान खाली घालून लिहीत होता. मंगळवारी पत्र आलं, अंतिम सामना दुसऱ्याला गेला.

बुधवारी मर्लिन सफरचंदाचा केक घेऊन दारात. शाळेच्या खेळसमितीचा प्रमुख तोच ना! तोंडावर लोणी थापल्यासारखा हसला. "एमेटभाऊ, उद्या धाकट्या पोरांचा सामना आहे. पंच मिळत नाही रे कुठे."

एमेट आत गेला, शिट्टी आणली नि मर्लिनच्या तळहातावर ठेवली. "तूच फुंक."

मर्लिननं हात भाजल्यासारखा मागे घेतला नि शिट्टी उंबऱ्याच्या आत पडली. "मी? नाही बाबा! लोक तोंडाला येईल ते बोलतात."

लव्हॉननं त्याच्या हातातला केक काढून घेतला नि दार लावलं.

"सदरा धुतलाय," ती एमेटला म्हणाली. "चिखल काही सगळा गेला नाही."

"राहू दे, उद्या परत माखायचाच आहे," म्हणत एमेटनं खाली पडलेली शिट्टी उचलली नि बाहीला पुसली.